यादीत नाव आल्यापासून घरकुल उभं राहीपर्यंत

मी ग्रामसेवक होतो. चोवीस वर्षं, बहुतेक बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत. आधी इंदिरा आवासची घरं पाहिली, २०१६ पासून तिच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेची (ग्रामीण) पाहिली. अर्धवट राहिलेली घरंही पुष्कळ पाहिली. त्यात निव्वळ पैसा आला नाही म्हणून राहिलेली थोडीच. बाकीची अडली ती जागेच्या उताऱ्यावर, आधारकार्डावरच्या एका अक्षरावर, नाहीतर हौसेनं मोठ्या घेतलेल्या जोत्यावर, म्हणजे घराच्या पायाच्या चौथऱ्यावर. ही तिन्ही कामं पहिला हप्ता पडायच्या आधी मार्गी लावता येतात. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांच्यासाठी आणि गावात नव्यानं निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांसाठी हे लिहितोय.

आधी आपलं नाव नक्की कोणत्या यादीत आहे ते पाहा. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून झालेली यादी म्हणजे आपण ज्याला 'प्रपत्र ब' म्हणतो ती. त्यातून सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये आवास प्लसचं सर्वेक्षण सुरू झालं, ती 'प्रपत्र ड'. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्रानं योजना २०२९ पर्यंत वाढवली आणि मोबाईल ॲपवर पुन्हा नवं सर्वेक्षण झालं. सर्वेक्षणात नाव नोंदलं म्हणजे घर मंजूर झालं असं समजून उसनवारीनं विटा आणणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. सर्वेक्षण, पडताळणी, ग्रामसभा, प्राधान्यक्रम आणि मग मंजुरी, असा तो रस्ता आहे. मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत एक वीटही विकत घेऊ नका.

अपात्रतेचे नियम बदललेत, ते गावात अजून नीट पोचलेले नाहीत. पूर्वी दुचाकी, फ्रिज किंवा घरचा फोन असला की नाव कटायचं. आता त्यावरून कटत नाही. कुटुंबातल्या कोणाची महिन्याची कमाई १५ हजारांच्या वर असेल, तीनचाकी-चारचाकी गाडी असेल, सरकारी नोकरी असेल, अडीच एकर किंवा जास्त बागायत अथवा पाच एकर किंवा जास्त जिरायत असेल, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल, तर मात्र कटतं. आणि प्रधानमंत्री आवासमध्ये नाव नसेल तर तिथंच थांबू नका. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास आहे, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये आलेली मोदी आवास. अर्ज ग्रामपंचायतीतूनच पुढे जातो.

आता जे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं आहे, ते सांगतो. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, त्या मार्च-एप्रिलला परततात. ग्रामसभा ठरलेल्या दिवसांना होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेला, जिथं यादीवर हरकती होऊ शकतात, तिथं ज्यांना घराची सगळ्यात जास्त गरज आहे तेच हजर नसतात. पडताळणीला माणूस येतो, कोपीला, म्हणजे झोपडीला, कुलूप दिसतं, शेजारी म्हणतात 'गेलेत ते', आणि कागदावर शेरा पडतो 'स्थलांतरित'. पाच महिन्यांनी ती माणसं परत येतात तेव्हा त्यांचं नाव गेलेलं असतं. हा शेरा सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही पडला आहे. एका कुटुंबाचं घर त्यामुळे दोन वर्षं लांबलं. त्यानंतर मी पद्धत बदलली.

तुम्ही तोडीला जाणारे असाल तर २ ऑक्टोबरची सभा चुकवू नका. तिथं तोंडी नव्हे, लेखी द्या: आम्ही हंगामापुरते जातो, कायमचे नाही, घरी अमुक वडीलधारी व्यक्ती आहे, हा मोबाईल नंबर. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. आधार, पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, उतारा यांच्या झेरॉक्स गावात राहणाऱ्या माणसाकडे ठेवून जा. टोळीच्या मुकादमाचा नंबरही ग्रामपंचायतीत द्या, कारण तोडीच्या ठिकाणी तुमच्या मोबाईलला रेंज नसते. आणि सरपंचांना हात जोडून सांगतो, यादी फलकावर चिकटवून काम संपत नाही. संध्याकाळी वस्तीवर जाऊन ती मोठ्यानं वाचा. 'स्थलांतरित' हा शेरा मारायच्या आधी एक फोन करा.

जागेकडे वळतो. गावठाणातल्या जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते पाहा. दहापैकी सहा-सात घरांत ते आजोबांचं असायचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, तीन मुलं, सात नातवंडं, आणि मंजुरी आली एका नातसुनेच्या नावे. अशा वेळी वारस नोंद करून घ्यायची आणि इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र घ्यायचं. हे काम घर मंजूर व्हायच्या आधी करा. आधी केलं तर भाऊ चहा पिऊन सही देतात. मंजुरीनंतर तीच सही महाग पडते, नाती तुटेपर्यंत ताणली जाते. ज्या गावांची ड्रोन मोजणी झाली आहे तिथं मालमत्ता पत्रक मिळतं, ते असेल तर उत्तमच. सरकारी जागेवर राहत असाल तर १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा शोधा. जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादी, जे सापडेल ते. त्या तारखेआधीची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची तरतूद आहे. आणि जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून घरकुलासाठी जागा विकत घ्यायला मदत मिळते. ही योजना फार कमी लोकांना माहीत असते. पंचायत समितीत नावानिशी मागा.

बँक खात्याचं काम लहान आहे, पण त्यानं लोकांना रडवलंय. आधार, पासबुक आणि जॉब कार्ड या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकावर 'बाई' आणि दुसऱ्यावर नुसतं नाव, एवढ्यावरून हप्ता परत जातो. मग बँकेत जाऊन 'आधार जोडलंय का' एवढंच विचारू नका. 'थेट लाभाचे पैसे माझ्या कोणत्या खात्यात पडतात?' असं विचारा. आमच्या एका ताईंचा हप्ता चार महिने आला नाही म्हणून त्यांनी पंचायत समितीला सात खेटे घातले. पैसे पडले होते, पण बचत गटाच्या कर्जासाठी पूर्वी दुसऱ्या बँकेत उघडलेल्या खात्यात, ज्याचं पासबुकही हरवलेलं. पाच मिनिटांच्या चौकशीनं हे टळलं असतं.

मंजुरीच्या आधी जुन्या घराचा आणि नव्या जागेचा जिओ टॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो होतो. त्या फोटोला लाभार्थी स्वतः उभा हवा, आणि जिथं फोटो काढाल तिथंच घर बांधायचं. 'सध्या इथं काढा, बांधू मळ्यात' हे चालत नाही. पुढचे फोटो ठिकाणाशी जुळत नाहीत आणि हप्ता थांबतो. जुनं घर पाडायची घाईही नको. फोटो झाला, आदेश हातात आला, पहिला हप्ता खात्यात दिसला, पाऊस कधी येणार याचा अंदाज घेतला, की मग पाडा. मे महिन्याच्या शेवटी घर पाडून लेकराबाळांसह ताडपत्रीखाली पावसाळा काढलेलं कुटुंब मी विसरू शकत नाही.

आता जोतं. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार, ही योजनेची मूळ रक्कम आहे. ती एकदम मिळत नाही. काम पुढे सरकेल तसे फोटो होतात आणि हप्ते पडतात. जोत्यापर्यंत आलं की एक, लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या पट्टीपर्यंत) आलं की पुढचा, असं ते चालतं. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. गवंडी सांगतो, 'दादा, एकदाच होतं घर, मोठं घ्या.' माणसाचं मन मोहतं. पाचशे फुटांचं जोतं निघतं, सगळा पैसा दगड-मुरमात जातो, भिंती खिडकीपर्यंत येतात आणि तिथंच थांबतात. पुढचा हप्ता लिंटेल झाल्याशिवाय नाही, आणि लिंटेल करायला हातात काही नाही. असं एक घर तीन वर्षं बिनछपराचं उभं होतं. शेजारच्या पडवीत ते नवरा-बायको राहायचे आणि त्यांच्या नावे दर काही महिन्यांनी नोटीस निघायची, कारण मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं असतं.

माझं ठाम मत आहे: आधी २६९ फुटांचं घर पूर्ण करा. पुढे वाढवायचं असेल तर त्या बाजूला मोकळी जागा सोडा, त्या बाजूच्या कॉलमच्या सळ्या बाहेर ठेवा, पण पैसा ठरलेल्या आकारातच ओता. गवंड्याशी मजुरी टप्प्यांनी ठरवा: जोत्याची इतकी, लिंटेलची इतकी, छताची इतकी. उचल टप्प्यापेक्षा जास्त देऊ नका. स्लॅबच पाहिजे असंही नाही, पत्र्याचं छत पक्क्यात धरलं जातं. बांधकाम तुम्ही स्वतः करून घ्यायचं असतं. या योजनेत ठेकेदाराला जागा नाही, त्यामुळे 'सगळी घरं मीच बांधून देतो, पासबुक माझ्याकडे द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घरकुलाच्या पैशाशिवाय आणखी काही मिळतं, ते सोडू नका. रोजगार हमीतून सपाट भागात ९० आणि डोंगराळ भागात ९५ दिवसांची अकुशल मजुरी तुमच्याच घराच्या कामावर मिळते. पण त्यासाठी काम चालू असताना हजेरीपत्रक निघालेलं हवं. पाया खोदायच्या आधी रोजगार सेवकाकडे लेखी मागणी करा. घर उभं राहिल्यावर मागची हजेरीपत्रकं काढता येत नाहीत. शौचालयाचे १२ हजार वेगळे असतात. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे, तिची मागणी वेळेत नोंदवा, नाहीतर वाळूच्या भावातच अर्धा हप्ता जातो.

कुठं अडलं तर क्रम असा: ग्रामपंचायत, मग पंचायत समितीतले ग्रामीण गृहनिर्माण अभियंता, मग गटविकास अधिकारी, मग जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेचे प्रकल्प संचालक. प्रत्येक ठिकाणी लेखी अर्ज आणि पोच. 'फाईल पुढे सरकवायला' पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला आपला नोंदणी क्रमांक दाखवून विचारा, कोणती फाईल? मंजुरी, फोटो, हप्ता, सगळं त्या क्रमांकावर संगणकात दिसतं. गावातल्या बारावी शिकलेल्या कोणत्याही पोरीला बसवा, ती पाच मिनिटांत काढून दाखवेल.

छत झालं, शौचालय झालं, शेवटचा फोटो झाला, शेवटचा हप्ता पडला, की बहुतेक जण ग्रामपंचायतीकडे फिरकत नाहीत. एक काम राहिलेलं असतं. नमुना ८ ला अजून 'कुडाचे घर' किंवा 'मातीचे घर' अशी नोंद असते. ती बदलून पक्क्या घराची करून घ्या. मंजुरी पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे असते, तशीच नोंद उताऱ्यावरही येईल हे पाहा. माझ्या शेवटच्या गावात एका ताईंनी तो उतारा हातात घेऊन मला विचारलं, 'भाऊसाहेब, यात माझं नाव कुठंय ते बोटानं दाखवा.' मी दाखवलं. त्यांनी तो चार घड्या घालून पासबुकात ठेवला आणि तोडीला निघायच्या आधी त्याची एक झेरॉक्स माझ्याकडे देऊन गेल्या.