बातमीदारी सोडून मार्केटिंगमध्ये जाताना: नाशिकच्या पत्रकारासाठी तयारीची यादी

राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी कात्रणांची फाइल काढा आणि विषयवार गठ्ठे करा. द्राक्ष, कांदा, वायनरी, अंबड-सातपूरचे कारखाने, यांपैकी ज्याचा गठ्ठा जाड, त्याच धंद्याचं मार्केटिंग धरा. नुसता ‘इंग्रजी कंटेंट लिहून देतो’ म्हणणारे जगभर आहेत. त्यांच्याशी दराची स्पर्धा करायला जाल तर पोट भरणार नाही. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये उभं राहून माल ओळखणारा लेखक मात्र परदेशी खरेदीदाराला सहजी मिळत नाही.

मग त्या मालाचा अभ्यास बातमीपुरता न ठेवता पुरता करा. द्राक्षाचंच घ्या. युरोपला माल जातो तो साधारण जानेवारी ते एप्रिल. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिका आणि चिलीची द्राक्षंही तिथल्या दुकानांत असतात, म्हणजे आपली गाठ त्यांच्याशी आहे. त्यांच्या निर्यातदारांच्या वेबसाइट वाचा, पॅकिंगवरचा मजकूर बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला होता. हा इतिहास ठाऊक असलेला खरेदीदार आधी रेसिड्यूचंच, म्हणजे फळात उरलेल्या रसायनाच्या अंशाचंच विचारणार.

इथे तुमची बातमीदारी कामाला येते. मालक म्हणेल, ‘रेसिड्यू फ्री लिहून टाका.’ लिहू नका. लॅबचा रिपोर्ट मागा आणि ओळ न् ओळ वाचा. अंश मर्यादेच्या आत असणं वेगळं आणि अंश न सापडणं वेगळं. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीमुळे निर्यातीच्या मालाचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. ब्रोशरमधली थाप तिथे टिकत नाही आणि गेलेला खरेदीदार परत येत नाही. दोन बाजूंनी खात्री करून घ्यायची सवय हीच तुमची खरी किंमत आहे, ती कमी पगारावर विकू नका.

फोटो आणि व्हिडिओची जुळवाजुळव ऑक्टोबर छाटणीपासूनच सुरू करा. हंगाम तोंडावर आल्यावर शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. वेबसाइटवर कोण, काय शोधत येतं ते दाखवणारी गुगल ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल ही साधनं शिकून घ्या, गुगलचे कोर्स फुकट आहेत. परदेशातल्या लोकांना मेल पाठवायचे तर युरोपचा २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा वाचा. कुठून तरी मिळालेली पत्त्यांची यादी तिथे चालत नाही.

पैशाचं आधी ठरवा. परदेशी ग्राहकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे सेवा निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा. बाकी सीए सांगेल.

प्रेस कार्ड ऑफिसात जमा करा आणि गाडीवरचं ‘प्रेस’ही त्याच दिवशी काढा. जुन्या सहकाऱ्यांना ग्राहकाची बातमी पाठवायची असेल, तर हा आपला ग्राहक आहे हे पहिल्याच वाक्यात लिहा. छापायची की नाही ते डेस्क ठरवेल, त्यासाठी फोन करून गळ घालू नका. बातमीच्या निमित्ताने विश्वासाने कुणी सांगितलेलं काही नव्या मालकाच्या कानावर घालायचं नाही, त्याने कितीही खोदून विचारलं तरी.