नर्सिंगची परीक्षा: श्वसन आणि वायूंची देवाणघेवाण याचा अभ्यास कसा करावा

श्वसनाच्या धड्यात आकडे फार. ते सुटे पाठ केले तर व्हायवाच्या वेळी हमखास एकमेकांत मिसळतात. म्हणून सुरुवात आकृतीपासून करा.

कोऱ्या कागदावर नाक, वायुकोश, रक्त आणि पेशी काढा आणि प्रत्येक ठिकाणी ऑक्सिजनचा दाब लिहा. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे पुस्तकातला हवेचा ७६० मिमी पारा हा दाब इथे तसाच लागू पडतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याचा दाब सुमारे १६०. वायुकोशात साधारण १००, फुप्फुसाकडे येणाऱ्या अशुद्ध रक्तात ४०. कार्बन डायऑक्साइडचं उलटं: त्या रक्तात ४५, वायुकोशात ४०. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, सगळी देवाणघेवाण यावरच चालते. पुस्तक मिटून आकृती जमली की पुढे जा.

आता एक गणित हाताने सोडवा. एका श्वासात ५०० मिली हवा येते, त्यातली १५० श्वासमार्गातच राहते. हीच डेड स्पेस. मिनिटाला १२ श्वास धरले तर वायुकोशात ३५० × १२ = ४,२०० मिली पोचते. दुसरा रुग्ण २५० मिलीचे २४ श्वास घेतो. एकूण हवा दोघांचीही ६,००० मिली, पण याच्या वायुकोशात १०० × २४ = फक्त २,४०० मिली! उथळ, भराभर चालणाऱ्या श्वासाला वॉर्डात इतकं महत्त्व का देतात, ते इथे कळतं.

सॅच्युरेशन म्हणजे हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते. त्याच्या आलेखातले दोन बिंदू पक्के करा: ऑक्सिजनचा दाब ६० असताना सॅच्युरेशन ९०, दाब ४० असताना ७५. नव्वदच्या खाली उतार एकदम तीव्र होतो. ताप आणि ॲसिडोसिसमध्ये (रक्तातलं आम्ल वाढतं तेव्हा) आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र यापुढच्या गोष्टीचा आहे. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९७ दिसत असतानाही आत कार्बन डायऑक्साइड साठून तो सुस्तावत गेलेला असू शकतो. केईएम, नायर, सायन, पोस्टिंग कुठेही असो, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा.

एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीचा, सराव लोकलमध्ये उभ्यानेही होतो. चिठ्ठीवर तीन आकडे पुरतात. पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्बोनेट २६. आधी पीएच बघा: ७.३५ च्या खाली, म्हणजे ॲसिडोसिस. कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, म्हणजे कारण श्वसनाचं. बायकार्बोनेट २२ ते २६ मध्येच, म्हणजे मूत्रपिंडाने अजून भरपाई सुरू केलेली नाही.

‘दम लागलेल्या रुग्णासाठी आधी काय कराल?’ या प्रश्नात श्वासमार्ग मोकळा असेल तर पर्यायांतून डोकं-छाती उंच करणारी फाऊलर्स पोझिशन शोधा. ऑक्सिजन ऑर्डरप्रमाणे. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णात सॅच्युरेशनचं लक्ष्य सहसा ८८ ते ९२ असतं, ते उत्तरात जरूर लिहा.