भंतेजींना भोजनदान करताना या चुका टाळा

वर्षावास, म्हणजे भंतेजींचा (बौद्ध भिक्खूंचा) पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, लागला की सोलापुरातल्या विहारांत भोजनदानाचे वार ठरतात. आपल्या वाराला कसर नको म्हणून जो तो पुरणपोळी, तुपाची धार, भजी, गुलाबजाम करतो. आपल्या घरी तो एक दिवस असतो, भंतेजींना मात्र रोज कुणाकडे तरी सणच! पात्रात पडेल ते घ्यायचं, त्यामुळे "मला शुगर आहे" असं ते आपणहून बोलतीलच असं नाही. विचारायचं आपणच.

विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ. त्याच्या चुल्लवग्ग या भागात वैशालीची हकिकत आहे. एकामागून एक पक्वान्नांची निमंत्रणं झाली आणि भिक्खू आजारी पडू लागले. ते पाहून जीवक वैद्याने बुद्धांकडे चंक्रमणाची (येरझारा घालत चालण्याची) जागा आणि बाष्पस्नानाची खोली मागितली, ती मंजूरही झाली. आपण मात्र विहारातल्या त्याच जागेत खुर्च्यांची चळत लावून ठेवतो.

खरं तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आमटी आणि ताक यापेक्षा चांगलं ताट शोधायला सोलापूरकराला लांब जायला नको. शेंगाचटणी चमचाभरच वाढा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं आणि पापड-लोणच्यातही ते असतंच.

विनयाच्या नियमाने भंतेजींना दुपारनंतर जेवण नाही, मग आलेला प्रत्येक उपासक गोड चहा नाहीतर शीतपेयाची बाटली पुढे करतो. जेवणाच्या ताटावर कितीही लक्ष ठेवलं तरी साखर अशी मागच्या दाराने येते. थायलंडमध्ये भिक्खूंचं वाढतं वजन आणि मधुमेह पाहून २०१७ मध्ये भिक्खूसंघासाठी आरोग्य सनद तयार झाली. तिथेही गोड पेयं ही मोठी अडचण आहे. त्याऐवजी लिंबूपाणी द्या, बिनसाखरेचं.

सगळ्यात धोक्याची चूक गोळ्यांची. डॉक्टर सवयीने लिहितात, "सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी". भंतेजी संध्याकाळी जेवतच नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर रात्री रक्तातली साखर घसरते: घाम, थरथर, बोलणं असंबद्ध, कधी बेशुद्धी. म्हणून तपासणीला सोबत जा आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस मनाने बंद करू नका, बदलूनही देऊ नका. साखर घसरलीच आणि भंतेजी शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी, मध किंवा गूळ द्या. आजारी भिक्खूला मध आणि गूळ दुपारनंतरही औषध म्हणून चालतात, विनयातच तशी मुभा आहे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा.

चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, सैल असतं, पोट सुटलेलं दिसत नाही. वजनकाट्यावर अधूनमधून उभं राहायला सांगा. शुगर-बीपीची तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्या, जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधू नका.

आणि पाय! एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा डांबरी रस्ता अनवाणी चालण्यासारखा नसतो. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल तर फोड आलेलाही कळत नाही. सोण कोळिविस या भिक्खूचे पाय चंक्रमणाने रक्ताळले तेव्हा बुद्धांनी पादत्राणांना परवानगी दिली होती. मऊ तळाची चप्पल दान द्या आणि रोज रात्री तळवे पाहायला एखाद्या श्रामणेराला (शिकाऊ भिक्खूला) सांगून ठेवा.