छडीच्या सेशनची तयारी: निवड, नेम आणि नंतरची काळजी

बीडीएसएम, म्हणजे परस्परसंमतीने खेळले जाणारे बंधन, वर्चस्व आणि वेदनेचे लैंगिक खेळ, यांमधील इम्पॅक्ट प्लेचा (जोडीदाराला मारण्याच्या खेळाचा) विषय निघाला की हात, पॅडल (चपटी फळी), फ्लॉगर (अनेक पट्ट्यांचा चाबूक) आणि छडी ही नावे एका दमात घेतली जातात, पण छडी त्या रांगेतली नाही. तळहाताचा किंवा पॅडलचा जोर मोठ्या भागावर वाटला जातो. छडीचा सगळा जोर बोटापेक्षाही अरुंद अशा एका रेषेवर उतरतो, आणि तिचे टोक मुठीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरते. म्हणून इतर साधने सरावाची झालेल्या जोडप्यांनीही छडी पहिल्यांदा हातात घेताना नवख्यासारखी तयारी करावी, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत राहणाऱ्या, स्वखुशीने हे करू इच्छिणाऱ्या प्रौढ जोडीदारांसाठी ही तयारी कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने मांडली आहे. प्रत्यक्ष मार त्यात बऱ्याच उशिरा येतो.

पहिले काम बोलण्याचे. ते सेशनच्या एक-दोन दिवस आधी, दोघेही शुद्धीवर आणि निवांत असताना करावे. किती जोराचा मार हवा आहे, वळ उमटले तर चालतील का, चालणार असतील तर किती दिवस टिकलेले चालतील, येत्या आठवड्यात पोहायला, डॉक्टरांकडे किंवा गावी घरच्या माणसांत जायचे आहे का, रडू आले तर थांबायचे की रडू द्यायचे, या प्रश्नांची उत्तरे स्पष्ट शब्दांत मिळाली पाहिजेत. ‘तुला ठाऊकच आहे’ हे उत्तर धरू नये. आपल्याकडे आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो, तो शाळेचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली, पण आज तिशी-चाळिशीत असलेल्या पुष्कळांचे शिक्षण त्याआधीच्या वर्गांत झाले आहे, आणि सगळ्यांसमोर हातावर बसलेली छडी त्यांच्या अंगात अजून शिल्लक असू शकते. काहींना तोच आवाज ओढून घेतो, काहींना त्याच आवाजाने दरदरून घाम फुटतो, आणि एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही खरे असू शकते. मनात अशी भीती असेल तर मार घेणाऱ्याने छडी आधी स्वतःच्या हातात घ्यावी, हवेत फिरवून तिचा आवाज ऐकावा, आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावेसे वाटले तर जोडीदाराने एका शब्दानेही आग्रह करू नये.

संमतीची कायदेशीर बाजूही दोघांना माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार, अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती असेल, कृतीमागे मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल आणि तसे घडण्याचा संभव असल्याची करणाऱ्याला जाणीवही नसेल, तर त्या कृतीने झालेली इजा त्या कारणाने गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये हीच तरतूद होती आणि करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण तिच्यासोबतच दिलेले आहे. हाड मोडणे ही मात्र कायद्याच्या भाषेत जबर दुखापत आहे, त्यामुळे हाडावर मारण्याचा धोका कळत असूनही मारणाऱ्याने या कलमाचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. कलम २८ प्रमाणे भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, तसेच नशेमुळे कशाला होकार देतो आहोत हेच न कळता दिलेली संमती, संमती मानली जात नाही. आणि ज्या नात्यात नकार देण्याचीच सोय नाही, तिथे जे चालते ती मारहाण आहे. अशा वेळी महिलांसाठी १८१ आणि सर्वांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ओळख नवी असेल तर पहिली भेट गजबजलेल्या उपाहारगृहात व्हावी आणि सेशनचा पत्ता व वेळ एका विश्वासू माणसाला आधीच कळवलेली असावी.

आता प्रकृती. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे चालू असतील, रक्तस्रावाचा आजार असेल किंवा मधुमेहाने त्वचेची संवेदना कमी झाली असेल, तर छडी बाजूला ठेवावी. मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत डेंग्यूची साथ असते. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स घसरतात आणि साध्या धक्क्यानेही त्वचेखाली रक्त साकळते, म्हणून अंगात ताप असताना छडी नकोच, आणि डेंग्यू होऊन गेला असेल तर रक्ताचा अहवाल पूर्ववत झाल्याशिवाय तिचे नावही काढू नये. लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो: तो पसरवणारे जंतू साचलेल्या पाण्यातून त्वचेवरच्या जखमांवाटे शरीरात शिरतात, आणि आपल्याला तर दरवर्षी गुडघाभर पाण्यातून घर गाठावे लागते. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर सेशन पुढे ढकलावे. त्वचा फुटलेली असताना अशा पाण्यातून जाणे झालेच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे.

छडीची निवड हा या तयारीतला सर्वांत सुखाचा भाग आहे, आणि त्यासाठी भरपूर वेळ द्यावा. छडी वेताची असावी, बांबूची नसावी. वेत आतून भरीव आणि तंतुमय असतो, त्यामुळे तो वाकतो आणि मोडायच्या आधी बहुधा इशारा देतो; बांबू पोकळ असतो, तो उभा चिरतो आणि चिरलेली कड पात्यासारखी कापते. निरगुडीचा किंवा चिंचेचा फोक, पडद्याची दांडी, झाडूचा दांडा या वस्तू घरात सहज हाताशी येतात, पण फोकाच्या गाठी आणि उचकटलेली साल त्वचा फाडते, आणि दांड्यांचे वजन स्नायूच्या खोलवर इजा करते. जाडीबाबत सर्वसाधारण नियम असा की ६ ते ८ मिलिमीटरची छडी लवचिक असते आणि वरवर झणझणते, तर १० ते १२ मिलिमीटरची जड असते, तिचा मार खोल जातो आणि काळेनिळे डाग अधिक दिवस राहतात. बारीक छडी सौम्य असणार हा समज चुकीचा आहे. त्वचा फोडण्यात बारीक छडीच पुढे असते. पहिल्या खरेदीसाठी ८ मिलिमीटरच्या आसपासची आणि ६० ते ७० सेंटिमीटर लांबीची छडी मला योग्य वाटते, कारण लांबी वाढली की टोकावरचा ताबा सुटतो. डेलरिन या औद्योगिक प्लॅस्टिकची सळई नागदेवीसारख्या बाजारात पाहायला मिळेल, पण ती त्याच जाडीच्या वेतापेक्षा बरीच जड असते आणि जोर किती लागला हे मारणाऱ्याच्या हाताला लवकर कळत नाही. वेतावर हात पक्का बसल्याशिवाय तिच्याकडे वळू नये. अॅक्रिलिक तडकते आणि फायबरग्लासचे बारीक तंतू त्वचेत रुततात, म्हणून ती दोन्ही टाळावीत.

छडी घरी आली की ती उजेडात तपासावी. कापसाचा एक बोळा घेऊन तो मुठीपासून टोकापर्यंत, छडी हळूहळू फिरवत, चारही बाजूंनी ओढावा. जिथे कापसाचा धागा अडकून राहील तिथे कूस निघालेली आहे. ती जागा बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि पुन्हा कापूस फिरवावा. पेरांच्या गाठी बोटाला टोचता कामा नयेत, टोक गोल घासलेले असावे. नंतर छडी डोळ्यांपासून दूर धरून थोडी वाकवावी. कडकड असा आवाज आला किंवा एकाच जागी कोन पडू लागला, तर ती मोडून टाकून द्यावी, म्हणजे पुन्हा कोणी चुकून उचलणार नाही. एसीच्या खोलीत महिनोन्महिने पडलेला, पॉलिश न केलेला वेत कोरडा पडतो. तो काही तास साध्या पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून, वर जवसाच्या तेलाचा हलका हात दिला की त्याचा लवचिकपणा बराचसा परत येतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, जवसाच्या तेलाने ती आपोआप पेट घेऊ शकतात.

माणसाच्या अंगावर छडी उगारण्याआधी उशीवर सराव करावा, आणि तो एका संध्याकाळीत उरकू नये. कडक उशीवर गडद रंगाची चादर ताणून बसवावी, छडीच्या शेवटच्या चार बोटांना खडूची पूड लावावी आणि मधोमध आखलेल्या रेषेवर मनगटाने हलके फटके द्यावेत. चादरीवर उमटलेले पांढरे पट्टे हात कुठे चुकतो ते लपवू देत नाहीत: पट्टा तिरका असेल तर कोपर खाली गेला आहे, फक्त टोकाचा ठिपका उमटला असेल तर उभे राहण्याचे अंतर चुकले आहे. दहापैकी दहा फटके रेषेच्या बोटभर आत पडू लागेपर्यंत जोर वाढवू नये.

शरीरावर छडीची जागा एकच आहे: नितंबांचा मांसल, मधला आणि खालचा भाग. मांडीचा मागचा वरचा भाग चालतो, पण तिथे त्वचा नाजूक असल्याने मार निम्म्याहून हलका असावा. माकडहाड, मणका, कंबरेचे दोन्ही बाजूंचे हाड, गुडघ्याची मागची बाजू, हाताची बोटे, मान आणि चेहरा पूर्णपणे वर्ज्य आहेत. कंबरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास मूत्रपिंडे असतात, म्हणून चुकून वर गेलेला फटका हा खाली गेलेल्या फटक्यापेक्षा अधिक धोक्याचा; खात्री नसेल तर कंबरेवर दुमडलेली चादर किंवा उशी ठेवावी. दुसरा नेहमीचा धोका टोकाचा. छडी पलीकडच्या नितंबाच्या बाहेर गेली तर टोक कुशीवर वळते आणि सगळा वेग तिथल्या हाडाजवळ उतरतो. म्हणून आधी छडी अंगावर नुसती आडवी ठेवून टोक पलीकडच्या नितंबाच्या मध्यावर येईल इतके मागे सरावे, आणि पायांची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्यावी. मार घेणाऱ्याने ओटीपोटाखाली उशी घेऊन पालथे झोपणे उत्तम. ओणवे उभे राहिल्याने त्वचा ताणली जाते आणि लवकर फुटते.

खोलीचा विचार मुंबईत वेगळा करावा लागतो. पोटमाळा, कपाटाचे उघडे दार, ट्यूबलाइट आणि पंखा यांपैकी काहीही हाताच्या वाटेत येत नाही, हे हात पूर्ण उचलून पाहावे. छडीचा आवाज भिंतीपलीकडे जातो, आणि शेजाऱ्यांनी काळजीपोटी दार वाजवले तर काय सांगायचे हे आधी ठरवलेले बरे. घामाने ओल्या त्वचेवर मार जास्त झोंबतो, म्हणून जवळ टॉवेल असावा. शेवटची लोकल पकडायची असेल त्या रात्री सेशन ठेवू नये, कारण नंतरचा तासभर दोघांच्या हातात असायलाच हवा.

सेफवर्ड, म्हणजे खेळ चालू असताना वापरायचे ठरलेले इशाऱ्याचे शब्द, म्हणून हिरवा (चालू ठेवा), पिवळा (हळू करा) आणि लाल (लगेच थांबा) हे तीन पुरतात. बोलणे जमेनासे होणाऱ्यांनी हातात किल्ल्यांचा जुडगा धरावा, तो खाली पडला की थांबायचे. सुरुवात तळहाताने, मग छडीच्या नुसत्या टिचक्यांनी करावी, आणि त्वचा गरम व गुलाबी झाल्यावरच खरा फटका द्यावा. छडीची वेदना दोनदा येते: आधी झणका, आणि काही क्षणांनी आतून वर येणारी कळ. ती कळ ओसरण्याआधी दुसरा फटका दिला तर मार घेणाऱ्याला काय सोसवते ते सांगताच येत नाही. त्यामुळे दोन फटक्यांमध्ये सावकाश दोन-तीन श्वास जाऊ द्यावेत आणि अधूनमधून वेदना एक ते दहामध्ये किती, तो आकडा विचारावा. वळावर वळ आडवा पडू देऊ नये, कारण जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे त्वचा फुटते. रक्ताचा ठिपका दिसताच त्या दिवसापुरती छडी खाली ठेवावी.

नंतर पाणी, थोडे गोड खाणे, पांघरूण आणि सोबत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावावा, थेट लावू नये. फुटलेली त्वचा साबण-पाण्याने धुवून झाकावी, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून डॉक्टरांना विचारावे. लघवीतून रक्त, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, वाढत जाणारी कडक सूज अथवा ताप आल्यास रुग्णालयात जावे आणि कारण खरे सांगावे. शुद्ध हरपल्यास १०८ ला फोन करावा. पुढच्या दोन-तीन दिवसांत अचानक उदास वाटणे मार घेणाऱ्याला होते तसे मारणाऱ्यालाही होते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा फोन दोघांनी ठरवूनच ठेवावा.

छडी आवरणे हेही तयारीतच धरावे. वेत सच्छिद्र असतो, त्यामुळे रक्त लागलेली छडी निर्जंतुक झाली असे मानता येत नाही. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. ती छडी त्याच माणसासाठी राखून ठेवावी किंवा टाकून द्यावी. एरवी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती खिळ्याला उभी टांगावी, कारण कोपऱ्यात टेकवून ठेवली की ती वाकडी होते आणि नेम बिघडतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बुरशी पाहावी, आणि छडीखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर तिला कीड लागली आहे असे समजून बाकीच्या छड्या लगेच वेगळ्या कराव्यात.