कोहऱ्यात कोई मासे मरायला लागले तर औषधाच्या आधी थर्मामीटर काढा

मंडळी, ग्वाल्हेरला कोहरा, म्हणजे थंडीतलं दाट धुकं, सुरू झाला की दर वर्षी तेच, सकाळी सकाळी कोणाचा तरी फोन, "दादा, रात्रीत दोन कोई गेले, कुठलं औषध टाकू?" आणि मी विचारतो की पाण्याचं तापमान किती आहे, तर समोरून काहीच उत्तर नाही. शहरातल्या लष्कर, मुरार, ठाटीपूर या भागांत घराच्या मागे टाकं करून कोई वाढवणारे आता बरेच झालेत, काही जण शेततळ्यातही करून दुकानांना विकतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की थंडीत बहुतेक वेळा सुरुवात पाण्यापासून होते, रोग नंतर चढतो, आणि काय झालंय ते न ओळखता टाकलेल्या औषधानेच जास्त मासे जातात.

आधी थर्मामीटर. साधा काचेचा चालतो, दोरी बांधून तळाशी सोडायचा, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी दोनला बघायचं, वहीत लिहायचं. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा ५-७ अंशांवर येणं नेहमीचंच, लाट आली तर त्याहून खाली. दोन फूट खोल टाकं रात्री गार पडतं, दुपारी उन्हात तापतं आणि संध्याकाळी परत गार, माशाला रोजचे हे हेलकावेच बाधतात. चार-साडेचार फूट खोली असेल तर तळाचं पाणी एवढं हलत नाही. पहाटे पाणी १० अंशांच्या खाली असेल तर खाणं पूर्ण बंद. दुपारी ऊन पडलं, मासे वर आले, तोंड उघडून मागायला लागले तरी नाही. अशा गारठ्यात पोटातलं खाणं पुढे सरकायला दिवसच्या दिवस लागतात, ते आतच सडतं. मोठा कोई आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, त्याला काही होत नाही, जीव आपलाच कासावीस होतो. १० ते १५ मधे व्हीट-जर्मचं (गव्हाच्या दाण्यातल्या कोंबाचं) हलकं खाणं, दिवसातून एकदा, दुपारीच, आणि पाच मिनिटांत संपेल एवढंच.

माझी एक चूक सांगतो. तीन दिवस सलग कोहरा होता, ऊन नाही, पाणी ८ वर, मासे तळाशी दगडासारखे बसलेले. मला वाटलं बिचारे गारठलेत, बोरिंगचं पाणी थंडीत कोमट येतं, हात घातला की बरं वाटतं, तर पहाटेच मोटर चालू करून पाईप सरळ टाक्यात सोडला. पाण्यावर वाफ दिसत होती आणि मला आनंद झाला होता. तासाभरात पाईपच्या बाजूचं पाणी १४-१५ झालं, मासे उधळले, दोन तर उडी मारून बाहेर पडले, आणि पुढच्या चार दिवसांत ११ गेले, त्यात सहा वर्षं वाढवलेली एक लाल-पांढरी कोहाकू. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, इतर वायू विरघळलेले असतात, वर तापमानाचा झटका. आता मी ते पाणी आधी वेगळ्या टाकीत रात्रभर एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवतो आणि दुपारी थोडं थोडं सोडतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न, त्याला सोडियम थायोसल्फेट घातल्याशिवाय टाक्यात सोडायचंच नाही.

आता मासे मरताना बघायचं काय, तर किती मेले यापेक्षा कसे मेले. एका रात्रीत बरेच गेले, त्यातही मोठे आधी, आणि जे राहिले ते पहाटे वर तोंड काढून पाणी गिळतायत, तर ऑक्सिजन. लोक म्हणतात थंड पाण्यात तर ऑक्सिजन जास्त असतो, खरं आहे, १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो आणि ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. हिरवंगार पाणी असेल आणि तीन दिवस ऊनच नाही तर शेवाळ फारसा ऑक्सिजन बनवत नाही, उलट रात्रभर खातं, आणि तळाशी पिंपळाची, लिंबाची पानं सडत असतात ती वेगळीच. काठीने तळ हलवून सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजायचं, आणि तो गाळ थंडीत उपसायला जायचं नाही, ढवळला तर सगळंच विष वर येतं, पानं फक्त जाळीने वरच्या वर काढा. एअर पंप रात्री बंद करू नका, स्टोन मात्र तळावर न ठेवता अर्ध्या खोलीवर टांगा, म्हणजे तळाचं थोडं उबदार पाणी वर येऊन गार होत नाही.

पाणी सोडल्यावर काही तासांत लहान-मोठे सगळेच सैरावैरा, तर क्लोरीन, तापमानाचा झटका किंवा विष. आणि मासे मेलेले दिसत नाहीत, नुसते कमी होतायत, एखाद्याच्या पाठीवर टोचल्यासारखी जखम आहे, तर तो रोग नाहीच, बगळा किंवा पाणकावळा आहे. वर जाळी टाका. थंडीत मासे सुस्त असतात, पक्ष्याला आयतेच सापडतात.

सगळ्यात अवघड म्हणजे रोज एक, दोन दिवसांनी एक, असं महिनाभर चालणारं. इथे मेलेला मासा फारसा उपयोगाचा नाही, कारण कल्ल्यांचा रंग मेल्यावर लवकर उडतो आणि बरेच परजीवी निघून जातात. मरायला टेकलेला मासा धरा, हात ओला करून. कल्ल्याचं झाकण अंगठ्याने हळूच उचला. निरोगी कल्ला ओल्या कुंकवासारखा लालभडक असतो, एकेक पाती वेगळी दिसते. फिका गुलाबी असेल तर रक्त कमी झालंय, कधी कृमींमुळेही, पात्या चिकटलेल्या आणि वर पांढरट लाळ तर परजीवी किंवा जिवाणू, कडेला कुजलेले पांढरे तुकडे तर वेळ थोडाच उरलाय, आणि चॉकलेटी तर पाण्यात नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून बनणारं विष, वाढलंय. मग अंगावरून, कल्ल्याच्या मागून काचपट्टीने थोडा बुळबुळीत थर खरवडा, टाक्यातल्याच पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि लगेच मायक्रोस्कोपखाली. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर लॅबमधे बघून घ्या, १०० पट पुरतं. परजीवी असे ओळखा: बशीसारखा गोल गोल फिरणारा ट्रायकोडिना, हृदयाच्या आकाराचा सरकणारा कायलोडोनेला, आणि नुसते थरथरणारे बारीक ठिपके दिसले तर कॉस्टिया, तो नीट बघायला ४०० पट लागतं. यातले शेवटचे दोघं थंडीतच जोर करतात, माशाची प्रतिकारशक्ती झोपलेली असते तेव्हा हे जागे असतात. बाहेरून लक्षण म्हणजे पर अंगाला चिकटवून एकटा कोपऱ्यात उभा राहणं, भिंतीला अंग घासणं, अंगावर राखाडी धुरकट थर. कापसासारखी बुरशी दिसली तर ती बहुतेक नंतर आलेली असते, आधीची जखम शोधा. आणि अंगावर मेणाचा थेंब पडल्यासारखे गुळगुळीत ठिपके असतील, मासा बाकी ठीक असेल, तर तो कार्प पॉक्स, उन्हाळा लागला की आपोआप जातो, त्याला खरवडू नका, औषधही नको.

मीठ हा सगळ्यात सुरक्षित उपाय, पण मोजून. लांबी, रुंदी, खोली फुटात गुणा आणि २८.३ ने परत गुणा, लिटर येतात. १० बाय ८ बाय ३ चं टाकं म्हणजे साधारण ६८०० लिटर, त्याला ०.३ टक्के करायचं तर २० किलो खडं मीठ, तीन दिवसांत तीन भाग करून, बादलीत विरघळवून. मीठ उडून जात नाही, पाणी बदलल्यावरच कमी होतं, म्हणून परत टाकताना आधीचं विसरू नका, आणि फिल्टरमधे झिओलाइट (अमोनिया शोषून घेणारे खडे) असेल तर आधी काढा, मिठाने तो धरलेला अमोनिया परत सोडतो. पोटॅशियम परमँगनेट अंदाजाने चिमटीने टाकणारे मी पाहिलेत, कल्ले जळतात. आणि गारठ्यात बाटलीच्या तळाला पांढरा साका बसलेलं फॉर्मेलिन तर चुकूनही नको.

दिवाळीनंतर आणलेल्या नव्या माशांबद्दल एकच, गार पाण्यात महिनाभर वेगळे ठेवलेत म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच विषाणूंचे रोग ठराविक तापमानालाच दिसतात, मासा थंडीभर ठीक वाटतो आणि होळीच्या आसपास पाणी १५-२० वर गेलं की सगळं एकदम बाहेर येतं. वेगळी टाकी हीटरने २०-२२ वर ठेवून तीन-चार आठवडे बघा, तिची जाळी आणि बादली वेगळी. होळीच्याच दिवसांत खाणं एकदम वाढवणंही टाळा, फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू अजून जागे झालेले नसतात, अमोनिया चढतो. पीएच ७ ला त्याचा विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो पण हिरव्या पाण्यात दुपारी पीएच ९ ला जातो तेव्हा तो कितीतरी पट होतो, म्हणून टेस्ट दुपारी करा, सकाळची बघून समाधान मानू नका.

तरी मरणं थांबत नसेल तर मरायला टेकलेला मासा ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत, नाहीतर ताजा मेलेला बर्फावर, पण फ्रीजरमधे गोठवू नका, आणि सोबत एक लिटर पाणी वेगळ्या बाटलीत आणि ती तापमानाची वही घेऊन कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा मत्स्य विभागाकडे जा. आणि मेलेले मासे स्वर्णरेखा नदीत फेकू नका, दोन फूट खड्डा, वर चुना, मग माती, आणि जाळी मिठाच्या पाण्यात नुसती बुडवून नाही तर दिवसभर उन्हात कडकडीत वाळवूनच दुसऱ्या टाक्यात घाला.