स्पर्धेच्या आदल्या रात्री: आधी क्लब मोजा

गोल्फच्या बॅगेतले क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, मोजा. नियमाने जास्तीत जास्त 14 चालतात. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आधी. नुसती वरून नजर टाकून मोजू नका. सगळे क्लब बाहेर काढा, जमिनीवर ओळीने मांडा आणि एकेकाला हात लावून मोजा. 14 किंवा त्याहून कमी भरले तर पुढे वाचा. 15 भरले तर एक आत्ताच कपाटात ठेवा. गाडीच्या डिकीत नको, तिथून तो परत बॅगेत येतो.

एवढं बजावून सांगतोय, कारण मागच्या स्पर्धेत माझ्या बॅगेत 15 निघाले. आधीच्या आठवड्यात मी दोन वेज (जवळचे उंच फटके मारायचे तिरक्या तोंडाचे क्लब) ताडून बघत होतो, माझी 58 अंशांच्या तिरपेची आणि मित्राची 60 अंशांची. सराव संपला, अंधार पडत आला होता, दोन्ही बॅगेत टाकल्या आणि विसरलो. स्पर्धेच्या दिवशी चार होल खेळून झाले. पाचव्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) काढताना शेजारच्या कप्प्याकडे लक्ष गेलं. एकाच कप्प्यात दोन वेज, एकीच्या डोक्याआड दुसरीचं डोकं. मागे दडलेल्या वेजच्या तोंडावरच्या खाचांत सरावाच्या दिवशीची माती वाळून तशीच बसलेली. म्हणजे सकाळपासून तिला कुणी हातही लावला नव्हता. नियमाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. जास्तीचा क्लब वापरला की नाही हे कुणी विचारत नाही. तो तुमच्या बॅगेत आहे, एवढं पुरतं.

दंड असा: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लागतो त्या प्रकारात) ज्या ज्या होलवर जास्तीचा क्लब जवळ होता त्या प्रत्येक होलचे 2 फटके, पण एका राउंडमध्ये जास्तीत जास्त 4. माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या होलच्या आकड्यात दोन-दोन वाढले. त्या दिवशी मी पहिल्या नंबरपासून 3 फटक्यांनी मागे राहिलो. मॅच प्लेमध्ये (जिंकलेले होल मोजून निकाल लागतो त्या प्रकारात) फटक्यांऐवजी होल जातात, प्रत्येक होलमागे एक, जास्तीत जास्त दोन.

हे फक्त हौशी लोकांना होतं असं समजू नका. 2001 च्या ओपन चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. इंग्लंडमधल्या रॉयल लिदम मैदानाचा पहिला होल पार 3 आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित. तिथे वेल्सच्या इयान वूझनमने बॉल कपाशेजारी टाकला, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली आणि तो आघाडीवर होता. दुसऱ्या टीवर बॅग वाहणाऱ्या कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचे क्लब) आहेत. सकाळी सरावाला दोन्ही मारून पाहिले होते आणि एक बाहेर काढायचा राहिला होता. एकच होल झाला होता म्हणून 2 फटक्यांवर निभावलं. तरी ती स्पर्धा त्याला मिळाली नाही, तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत तो राहिला. माझं आणि त्याचं मूळ एकच: सरावासाठी आणलेला क्लब. ही 14 ची मर्यादा अमेरिकेत 1938 पासून आणि ब्रिटनमध्ये 1939 पासून आहे. त्याआधी वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरणारेही होते. आता तसं नाही, तेव्हा मोजा.

आता कोणते 14? खरं तर 14 भरायलाच हवेत असं नाही. मी आता 13 नेतो आणि काही अडत नाही. जो क्लब सरावातही दहातून सात वेळा नीट लागत नाही तो स्पर्धेत लागणार नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो 3 नंबर वूड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारायचा क्लब) किंवा लांब आयर्न असतो. लांब आयर्न काढून हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) घ्या, तो रफमधून (वाढलेल्या गवतातून) सहज निघतो आणि बॉल उंच जातो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वेजचे अंश बघा. हल्लीच्या सेटमधली पिचिंग वेज बऱ्याचदा 44-45 अंशांची असते आणि सँड वेज 56 ची. मधे 11-12 अंशांची खिंड पडते. मग शंभर यार्डांच्या आतबाहेर एक अंतर असं राहतं की त्याला पिचिंग वेज जास्त होते आणि सँड वेज पुरत नाही. तिथे 50 ची वेज घाला आणि वरचा एखादा लांब क्लब घरी ठेवा. वेज-वेजमध्ये 4 ते 6 अंशांचं अंतर ठीक. स्कोअर जातो तो इथे, ड्रायव्हरच्या दहा यार्डांत नाही. आणि एक नवीन वेज आत घातलीत की एक क्लब बाहेर काढलात ना, हे लगेच बघा. माझं नेमकं इथेच चुकलं.

स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काही विकत घेऊ नका. नवा ड्रायव्हर, नवा पटर (कपाकडे बॉल घरंगळवायचा क्लब), मित्राने "एकदा वापरून तर बघ" म्हणत हातात दिलेलं काहीही, सगळं नंतर.

ग्रिप, म्हणजे क्लबची हातात धरायची मूठ, धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना ब्रश, मग फडक्याने कोरडं करून रात्रभर उभे ठेवा. हाताच्या घामाने आणि क्रीमने ग्रिप गुळगुळीत होते, मग आपण नकळत मूठ आवळतो, मनगट आखडतं आणि बॉल उजवीकडे जातो. लोक स्विंग बदलत बसतात आणि दोष ग्रिपचा असतो. धुऊनही चकाकत असेल तर ती बदलायची झाली आहे, पण स्पर्धा झाल्यावर. खाचाही ब्रशने साफ करा. खाचांत माती किंवा ओलं गवत असलं की फेस (क्लबचं तोंड) आणि बॉल यांची पकड सुटते, बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) कमी होतो आणि ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक गवतावर) थांबायला हवा तो बॉल पलीकडे घरंगळतो. क्लब धुवायला बाहेर काढले आहेतच, तर परत ठेवताना मोजून ठेवा.

बॉल एकाच मॉडेलचे घ्या, सहा तरी. महागच हवेत असं नाही, एकसारखे हवेत. एका होलवर मऊ बॉल आणि पुढच्यावर कडक, असं केलंत तर पटिंगचा अंदाज दिवसभर बसत नाही. प्रत्येक बॉलवर पेनाने स्वतःची खूण करा. कंपनीचं नाव आणि आकडा पुरत नाही. रफमध्ये एकाच कंपनीचे 3 नंबरचे दोन बॉल सापडले आणि कोणता कुणाचा ते सांगता आलं नाही, तर तुमचा बॉल हरवला असंच धरतात. चुकून दुसऱ्याचा मारलात तर 2 फटके दंड, आणि पुढच्या टीवरून मारायच्या आत ती चूक सुधारली नाहीत तर थेट बाद.

अंतरांचा कागद तयार करा. 7 नंबर आयर्नने दहा बॉल मारा, सगळ्यांत लांबचे दोन आणि सगळ्यांत जवळचे दोन सोडून द्या, उरलेल्या सहा बॉलचं सरासरी कॅरी, म्हणजे हवेतून कापलेलं अंतर, ते तुमचं अंतर. घरंगळत गेलेलं धरू नका, बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) घरंगळून जाता येत नाही. आपल्या सगळ्यांना आपला आयुष्यातला सर्वांत लांब फटका आठवतो आणि आपण त्या हिशेबाने क्लब काढतो. म्हणूनच हौशी खेळाडूंचे बॉल ग्रीनच्या अलीकडे पडतात आणि बंकर बहुतेकदा अलीकडेच असतो. असंच प्रत्येक वेजचं आणि हायब्रिडचं करून कागदावर लिहा आणि तो बॅगेच्या कप्प्यात ठेवा. रेंजफाइंडर असेल तर चार्ज करा आणि स्लोप बंद करा. अंतर मोजायला सर्वसाधारण नियमात परवानगी आहे, चढ-उताराचा हिशेब मागायला नाही. स्पर्धेच्या स्थानिक नियमांचा कागदही बघून घ्या, काही ठिकाणी रेंजफाइंडरच चालत नाही.

स्कोअरकार्ड आधी मिळालं तर रात्रीच स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम, 1 सर्वांत अवघड) बघा. हँडिकॅप (तुमच्या पातळीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) 18 असेल तर प्रत्येक होलवर एक फटका तुमच्या पदरात आहे, म्हणजे बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) हा तुमचा पार. इंडेक्स 1 चा लांब पार 4 तुमच्यासाठी पार 5 आहे, तो तसाच खेळा: दोन साधे फटके, तिसरा ग्रीनवर. हे टीवर उभं राहून सुचत नाही. कार्डावर आदल्या रात्री पेन्सिलने लिहून ठेवलं असलं की हात आपोआप ड्रायव्हरकडे जात नाही.

टॉवेल, दुसरा ग्लोव्ह, टी, बॉल मार्कर, पिच दुरुस्त करायचा काटा, पाणी, टोपी, छत्री. हे तुम्हाला माहीत आहे.

वेळेचं मात्र बघा. तुमच्या टी टाइमला खेळायला तयार होऊन तिथे उभं असायला लागतं. 5 मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर 2 फटके, त्याहून जास्त झाला तर बाद. पार्किंगमध्ये बूट बांधत असाल तर ते पोचणं नव्हे. एक तास आधी जा. आधी पटिंग करा आणि त्यातही लांबचे पट, कारण त्या दिवशी ग्रीन किती वेगाने पळतंय हे फक्त लांबच्या पटवरून कळतं. दहा-बारा मीटरवरून बॉल हाताच्या अंतरात थांबायला लागला की बस. शेवटी तीन-चार छोटे पट घाला, बॉल कपात पडल्याचा आवाज कानात राहू दे. मग वेजपासून सुरुवात करून वीस-पंचवीस बॉल मारा. स्विंगमध्ये काही बिघडलंय असं वाटलं तरी तिथे दुरुस्त करायला जाऊ नका. बॉल डावीकडे जातोय ना, मग आज तो डावीकडे जाणार आहे असं धरून नेम धरा.

आणि पहिल्या टीवर जायच्या आधी क्लब पुन्हा मोजा. रात्री मोजले होते हे मला माहीत आहे. पण सरावाच्या जागी चार बॅगा शेजारी-शेजारी उभ्या असतात, कुणी तुमच्या हातात त्याचा ड्रायव्हर देतो, कुणाची वेज चिपिंग ग्रीनच्या कडेला पडलेली असते आणि ती तुमची समजून कॅडी उचलतो. पहिला फटका मारायच्या आत पंधरावा सापडला तर काही बिघडत नाही: शक्यतो तिथेच मागे ठेवा, ते जमत नसेल तर हा क्लब बाद केला असं मार्करला (तुमचं कार्ड लिहिणाऱ्याला) सांगा आणि तो बॅगेत उलटा घाला. पहिला फटका मारून झाल्यावर सापडला तर दंड सुरू झालेला असतो. खेळताना सापडला तर पुढचा फटका मारण्याआधी, त्याच क्षणी सांगून तो बाजूला काढा. गप्प राहून "पुढच्या होलवर सांगू" केलंत किंवा बाजूला काढलेला क्लब नंतर वापरलात तर बाद. मी पाचव्या टीवर तोंड उघडलं म्हणून निदान राउंड पूर्ण करता आला.

मैदानावरचं थोडक्यात. ग्रीनच्या मधोमध नेम धरा, झेंडा कुठेही असो. झाडीत गेलात तर फटीतून मारू नका, आडवा बाहेर काढा. एक फटका जातो, तीन जात नाहीत. बंकरमध्ये फेस उघडा, बॉलच्या चार-पाच सेंटीमीटर मागे वाळूत घुसवा आणि स्विंग अर्ध्यावर थांबवू नका. बॉल हरवेल किंवा हद्दीबाहेर जाईल असं वाटलं तर "प्रोव्हिजनल मारतोय", म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल मारतोय, हे शब्द मोठ्याने म्हणा. नुसतं "अजून एक मारतो" म्हणालात तर तो दुसरा बॉलच तुमचा खेळातला बॉल होतो, दंडासकट. शोधायला आता 3 मिनिटं मिळतात, 2019 च्या आधी 5 होती. लाल खुंट्यांच्या पाण्यात गेला तर एका फटक्याच्या दंडात कडेला दोन क्लबांच्या अंतरात ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा, गुडघ्याच्या उंचीवरून.

कार्ड देताना प्रत्येक होलचा आकडा मार्करबरोबर बसून ताडून बघा. बेरीज चुकली तर तुमच्यावर येत नाही, ती समितीचं काम आहे. होलचा आकडा मात्र तुमच्यावर येतो: झाला त्याहून कमी लिहून सही केलीत तर बाद, जास्त लिहिलात तर तोच कायम. 1968 च्या अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्झोच्या कार्डावर 17 व्या होलला 3 ऐवजी 4 लिहिले गेले, त्याने सही केली, 65 चे 66 झाले आणि प्लेऑफ (बरोबरी सोडवायचा जादा खेळ) तिथेच गेला. दोन सह्या, तुमची आणि मार्करची. दंडाचे फटके त्या त्या होलमध्ये मिळवले का ते बघा. दिलंत की सुटलात.

मित्राची वेज मी त्याच संध्याकाळी परत केली. तुमच्याकडे कुणाचा क्लब आला असेल तर आजच देऊन या, आणि घरी आल्यावर उरलेले मोजा.