तपासणीपर्यंत सोबत: कोल्हापुरात तृतीयपंथीयांमध्ये आरोग्याचं काम कसं करायचं

मंगळवारी किंवा शुक्रवारी आरोग्य शिबिर ठेवू नका. हे यल्लम्मा देवीचे वार. जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष आणि तृतीयपंथी, त्या दिवशी देवीची परडी घेऊन जोगव्याला बाहेर पडतात. तंबू, डॉक्टर, रक्ताच्या बाटल्या सगळं तयार असतं आणि यायला कुणी नसतं. मग अहवालात ‘प्रतिसाद अल्प’ असं लिहिलं जातं. चूक प्रतिसादाची नसते, वाराची असते. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेच्या आगेमागे तर आठवडाभर काहीच ठरवू नये. कर्नाटकात सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळाला, एसटीच्या गाड्या भरभरून जातात आणि परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते. माघातल्या पुनवेलाही तोच हिशेब.

म्हणून कामाची सुरुवात कॅलेंडरपासून करा. मोठ्या कागदावर वर्षाचे बारा महिने मांडा. त्यावर सौंदत्ती, आंबील, जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र आणि गावोगावच्या यात्रा लिहा. खाली प्रत्येक वस्तीची दिवसाची वेळ टाका: बाजारात मंगतीला, म्हणजे पैसे मागायला, जाणाऱ्या घरी केव्हा येतात, रात्री धंद्यावर उभ्या राहणाऱ्या उठतात केव्हा. रात्री तीनला झोपलेल्या माणसाला सकाळी दहाच्या ओपीडीला बोलावलं तर ती येत नाही. हा नकाशा वस्तीतल्याच तीन-चार जणींना बसवून काढा. कार्यालयात बसून काढलेला चुकतो. रात्रीच्या ठिकाणांची नावं त्यावर खुणेनेच लिहा. कागद भलत्या हातात पडला तर दुसऱ्या दिवशी तिथे धाड पडू शकते, आणि मग त्या ठिकाणी तुम्हाला कुणी उभं करणार नाही.

पहिली भेट गुरूंची, म्हणजे तृतीयपंथीयांच्या घराच्या प्रमुखाची. चेल्याला, म्हणजे त्यांच्या शिष्येला, परस्पर दवाखान्यात नेलं तर आधी तिलाच घरात बोलणी बसतात, दंडही होतो. गुरूंकडे जाऊन काय तपासणार, रक्त किती काढणार आणि निकाल कुणाला सांगणार हे तिन्ही सांगा. तिसऱ्यावर अडून राहा: निकाल फक्त जिची तपासणी तिलाच मिळेल, गुरूंनाही नाही. हे पहिल्याच दिवशी बोलून घेतलं की पुढचे बरेच तंटे वाचतात. गुरूंनी स्वतः सगळ्यांसमोर तपासणी करून घेतली तर त्या घरातल्या बाकीच्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

बोलताना पहिला प्रश्न एवढाच: “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” कुणी दीदी म्हणवून घेते, कुणी आक्का, एखादा जोगता घरी दादा असतो आणि जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, डोक्यावर घेतला की आई. जे सांगितलं तेच वापरा, वहीतही. खरं नाव, पूर्वीचं नाव, ऑपरेशन झालंय का, हे पहिल्या भेटीत विचारायचं नाही. जटेबद्दल, म्हणजे देवीची खूण मानलेल्या गुंतलेल्या केसांबद्दल, तर नाहीच. मान दुखते का, डोक्यात खाज येते का, एवढं विचारलं तर जटेचा विषय ती स्वतः काढते.

पिशवीत काय असावं? कंडोम, पाण्याच्या आधाराची वंगणाची पुडी, कापूस, पट्टी, ओआरएसची पाकिटं, वही आणि सुटे पैसे. कंडोमच्या पाकिटावरची मुदत बघायची, बोटाने दाबून आतली हवा जाणवते का तेही बघायचं. हवा नसेल तर ते फेकायचं. कंडोम फाटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. तेलाने लेटेक्स कमकुवत होतं. दुसरं कारण एकावर एक दोन घालणं. घर्षणाने दोन्ही फाटतात. वंगणाची पुडी संपली म्हणून तेल वापरलं जातं, तेव्हा कंडोम मोजून देता तशाच पुड्याही मोजून द्या.

आता तपासणीचा दिवस. काम बहुतेक इथेच मोडतं, म्हणून जरा सविस्तर.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. अडचण पैशाची नसून गेटपासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंतच्या चालण्याची आहे. केसपेपरच्या रांगेत मागचा माणूस हसतो, खिडकीवरून मोठ्याने पुरुषाचं नाव पुकारलं जातं, बाकावर शेजारचा उठून जातो. या तीनपैकी एक जरी घडलं तरी ती अर्ध्यातून परत फिरते आणि वर्षभर येत नाही. म्हणून आदल्या दिवशी समुपदेशकांना भेटून वेळ ठरवा आणि दोघींपेक्षा जास्त जणींना एकदम नेऊ नका. तुम्ही तासभर आधी जा, रांगेत स्वतः उभे राहा, खिडकीवरच्या माणसाला कोणतं नाव पुकारायचं ते हळू सांगा. ती थेट खोलीशी येऊ दे. बाहेर पडेपर्यंत सोबत सोडायची नाही, चहा प्यायलासुद्धा नाही. मात्र समुपदेशनाच्या खोलीत तिने बोलावल्याशिवाय आत जाऊ नका.

बोटातून किंवा शिरेतून रक्त घेतात. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर वेगळ्या किटवर पुन्हा तपासतात आणि तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. हे आधी सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्यांदा आत बोलावलं की ती घाबरून पळते. निगेटिव्ह आलं तरी शेवटच्या धोक्याच्या प्रसंगाला तीन महिने झाले नसतील तर पुन्हा यावं लागतं. त्याच फेरीत सिफिलिसचीही चाचणी करून घ्या. या दोन्ही दर सहा महिन्यांनी, आणि लैंगिक आजारांची तपासणी दर तीन महिन्यांनी. गुदद्वाराजवळची जखम, स्राव, कोंब दाखवायची लाज वाटते म्हणून ‘मूळव्याध’ सांगून मलम आणलं जातं. मूळव्याध आहे म्हणणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे.

खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम: हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. एकाला जरी हो म्हटलं तर थुंकीची तपासणी. टीबी निघाला तर निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाल्यावर पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. पण बँक खातं आधारच्या जुन्या नावाने असतं आणि कित्येकींचं नसतंच, म्हणून नोंदीच्या दिवशीच खात्याचं बघा. हिपॅटायटिस बीची लस राहून जाते. तिचे डोस तीन: पहिला, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. रात्रीची वेळ असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता अपघात विभागात जा.

पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाचा पहिला महिना सगळ्यात नाजूक. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची, बहुधा दिवसाला एकच गोळी असते. औषध नियमित चालू राहून रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे वाक्य निकालाच्या दिवशीच सांगा, सहा महिन्यांनी नाही. गोळ्या चुकतात त्या यात्रेत. सौंदत्तीला जाताना मुक्काम ठरला त्यापेक्षा आठ दिवसांच्या जादा गोळ्या बरोबर असाव्यात, आणि डबी परडीत नको, कमरेच्या पिशवीत हवी, कारण परडी दहा हातांतून जाते. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेली गोळी पित्ताच्या औषधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर अंगी लागत नाही. ती त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. यात्रेतलं खाणं आणि जागरण, त्यामुळे पित्ताची गोळी हमखास घेतली जाते. टीबीचं औषध सुरू झालं तर एआरटीचा डोस डॉक्टर बदलतात, म्हणून दोन्हीकडच्या कागदांची एकच फाईल ठेवा.

हार्मोनबद्दल कुणी विचारत नाही आणि घेतात मात्र पुष्कळ. छाती यावी, केस कमी व्हावेत म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला चार-चार, पाच-पाच खाल्ल्या जातात. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. स्त्री-हार्मोनचा हा प्रकार शिरांमध्ये रक्ताची गाठ करतो, आणि जास्त गोळ्यांनी बदल लवकर होत नाही, धोका तेवढा वाढतो. सोबत बिडी-सिगारेट असेल तर आणखी. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत कळ: यापैकी काहीही दिसलं तर मालिश करत बसू नका, लगेच दवाखाना. ‘बंद कर’ म्हणून मात्र काही होत नाही. ती बंद करत नाही, फक्त तुम्हाला सांगणं बंद करते. उपयोग होतो तो रक्तदाब, साखर, यकृत आणि किडनीची तपासणी करून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, नेण्याचा. पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन घेणारीची पोटॅशियमची तपासणी चुकवू नये. हार्मोन चालू आहेत म्हणून एआरटी सोडायचं काही कारण नाही. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत हवीत, एवढंच.

निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याचं ऑपरेशन, करायचं असेल तर सर्जनकडेच, हे सांगणं आपलं काम. पण दायीकडे, म्हणजे समाजातच पारंपरिक पद्धतीने निर्वाण करणारीकडे, जाऊन आलेलीला बोल लावणं आपलं काम नाही. पट्ट्या भिजत राहणं, सहा-आठ तास लघवी न होणं, थंडी वाजून ताप: लगेच न्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. काही महिन्यांनी लघवीची धार बारीक झाली तर मूत्रमार्ग आकसतोय, तो वेळीच उघडून घेता येतो. निर्वाणानंतर हार्मोन अजिबात नसतील तर हाडं ठिसूळ होतात. आणि प्रोस्टेट शरीरातच असतं, त्यामुळे उतारवयात त्याचीही तक्रार येऊ शकते.

ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवलेले पण पुरुष म्हणून जगणारे, या सगळ्या नकाशात दिसतच नाहीत. ते घरी असतात किंवा पुण्या-मुंबईला निघून गेलेले. त्यांच्यापर्यंत फोनवरूनच पोचता येतं. टेस्टोस्टेरॉन सुरू असलं तरी गर्भ राहू शकतो आणि गर्भाशयमुखाची तपासणी लागतेच, एवढं तरी त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मनाचं दुखणं वेगळ्या रकान्यात टाकू नका. घरातून काढलं, पारिक (जोडीदार पुरुष) सोडून गेला, गुरूंशी बिनसलं, की पुढचे दोन-तीन दिवस रोज भेट. जीव द्यावासा वाटतोय का हे सरळ विचारलं म्हणून तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आणि एचआयव्हीसाठी १०९७ तिच्या फोनमध्ये तिथेच घालून द्या.

वहीबद्दल एकच नियम: नाव एका वहीत, निकाल दुसऱ्या वहीत, मध्ये फक्त कोड आणि कपाटाला कुलूप. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी टाकू नका. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. संमतीशिवाय तपासणी करायला आणि कुणाची स्थिती परस्पर सांगायला त्याने मनाई केली आहे.

राहिला हक्काचा भाग. तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्या खटल्यात समाजाची बाजू लावून धरली होती. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्तींचा २०१९ चा कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. आरोग्यसेवा देणं ही सरकारची जबाबदारी असल्याचं तो सांगतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायलाही सांगतो. ओळखपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करतात. भरण्याच्या दिवशीच चालू नियम तिथे वाचा आणि समाजकल्याण कार्यालयात विचारून खात्री करा, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

वॉर्डात पुरुषांच्या बाजूला टाकलं, डॉक्टरांनी हात लावला नाही, असं घडलं तर त्या रात्री भांडण आवरा आणि आधी उपचार सुरू करून घ्या. दुसऱ्या दिवशी अर्ज. एक पान पुरे: तारीख, वेळ, विभाग, काय झालं, काय हवं. मागणी मोजता येईल अशी हवी: ‘सन्मान मिळावा’ यापेक्षा ‘केसपेपरवर सांगितलेलं नाव लिहावं’, ‘दोन खाटांची वेगळी सोय व्हावी’. रुग्णाचं नाव तिच्या लेखी संमतीशिवाय घालू नका. दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कित्येक अर्ज पोच घेतली नाही म्हणूनच हरवतात. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर त्याच आवक क्रमांकावर माहितीचा अधिकार टाका, उत्तराची मुदत ३० दिवस. शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे घोळक्याने न जाता तिघीच जा, पोचेची प्रत वर ठेवा, आणि बोलायचं ते जिच्यावर वेळ आली तिनेच, तिची तयारी असेल तर.